गांधीजींची घरं आणि आमचं घर

गांधीजी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चष्मा, काठी, चरखा, नोटेवरचा फोटो आणि दोन ऑक्टोबरची सुट्टी. शाळेत दहा मार्कांच्या निबंधात आपण सगळ्यांनी त्यांना बसवलेलं आहे. जन्म पोरबंदर, शिक्षण इंग्लंड, सत्याग्रह आफ्रिका, दांडी यात्रा, चले जाव, संपलं. पण या माणसानं आयुष्यभर एक काम सतत केलं आणि ते आम्हा सिव्हिलवाल्यांना कोणत्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत. गांधीजींनी घरं उभी केली. तीन देशांत राहिले, चार-पाच वसाहती वसवल्या, आणि प्रत्येक ठिकाणी घर म्हणजे एक प्रयोग केला. किती जागा लागते? पाणी कुठून येणार? घाण कुठे जाणार? उजेड कशाचा? आणि हे सगळं करायला किती पैसे आणि कोणाचे हात लागणार?

आज आपण याला एनर्जी एफिशियन्सी, सस्टेनेबिलिटी, ग्रीन बिल्डिंग असं म्हणतो आणि त्यावर सेमिनार देतो. मलाही यंदा सेमिनारला हाच विषय आहे. पण मी गांधीजींकडे वळलो त्याचं कारण सेमिनार नाही, आमच्या घरातलं भांडण आहे!

मी वर्धा जिल्ह्यातला. आमचं गावातलं घर मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलू, पुढे ओसरी, मागे सांदवाडी. बाबांना ते पाडून पक्कं स्लॅबचं घर बांधायचं आहे. आजी म्हणते की ती गेल्यावर काय ते पाडा. आणि पोरगा पुण्याला इंजिनिअर होतोय म्हटल्यावर दोन्ही पार्ट्यांनी मला फोन करून आपापल्या बाजूला ओढायला सुरुवात केली. मी मातीच्या बाजूचा होतो. आपल्याला सगळं कळतं अशा थाटात मी आईला थर्मल मास वगैरे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की दर आठवड्याला सारवायला तू येणार आहेस का.

या प्रश्नाचं उत्तर माझ्या नोट्समध्ये नव्हतं. मग सेवाग्राम आमच्या घरापासून इतकं जवळ असताना तिथल्या म्हाताऱ्यानं हा प्रश्न कसा सोडवला ते बघू म्हणून मी वाचायला लागलो. ते वाचन म्हणजे हा लेख.

तर सुरुवात पोरबंदरपासून. १८६९ साली गांधीजी जन्मले ते घर काही झोपडी नव्हतं. दिवाणाचं घराणं होतं. गल्लीतलं तीन मजली घर, बरंच मोठं कुटुंब, खालच्या मजल्यावरच्या खोल्या अंधाऱ्या. पण त्या घरात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. समुद्राकाठचं गाव असल्यामुळे विहिरींचं पाणी चांगलं नव्हतं. म्हणून घराच्या पोटात जमिनीखाली टाकं होतं आणि गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी त्यात उतरत असे. वर्षभर प्यायला तेच. आज सोसायटीला रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं करावं लागतं आणि तरी पाइप गटारातच सोडलेला असतो. तिथे ते दीडशे वर्षांपूर्वी घराचाच भाग होतं, कारण त्याच्याशिवाय प्यायला पाणीच नव्हतं.

१८८८ ला हा मुलगा बॅरिस्टर व्हायला लंडनला गेला. सुरुवातीला हॅट, सूट, डान्सचा क्लास, व्हायोलिन, सगळं करून झालं. आपल्यातले काही जण फर्स्ट इयरला असंच करतात! मग त्यानं हिशेब लिहायला घेतला. रोजचा, पै न पै. भावानं कर्ज काढून पाठवलेले पैसे आहेत हे वहीत दिसायला लागलं. मग आधी दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं, पुढे त्यातलीही एक सोडली. एका खोलीत स्टोव्ह घेतला, सकाळी ओटची पेज आणि कोको स्वतः करायचा. घर अशा ठिकाणी बघितलं की जिथे जायचं तिथे पायी जाता येईल. गाडीभाडं वाचलं आणि रोज आठ-दहा मैल चालणं झालं. तेव्हा या सगळ्याला काही तत्त्वज्ञान नव्हतं, फक्त हिशेबाची वही होती. पण माझ्या मते गांधीजींचं पुढचं सगळं आर्किटेक्चर त्या वहीतून निघालं. आधी मोजायचं, मग ठरवायचं. आपण याला ऑडिट म्हणतो.

पुढे दक्षिण आफ्रिका. आणि इथे एक प्रसंग आहे जो गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलाय. डर्बनच्या त्यांच्या घरात खोल्यांना मोऱ्या नव्हत्या, त्यामुळे रात्रीच्या लघवीची भांडी ठेवावी लागत. ती नोकरानं नव्हे, घरच्यांनी साफ करायची हा गांधीजींचा नियम. कारकून म्हणून काम करणारे लोक त्यांच्याकडेच राहत. त्यातला एक दलित कुटुंबात जन्मलेला होता आणि नवीन आलेला होता. त्याचं भांडं उचलताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गांधीजींना नुसतं काम नको होतं, ते हसतमुखानं व्हायला हवं होतं. शब्दानं शब्द वाढला आणि त्यांनी बायकोला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं, बाहेर काढायला. परक्या देशात, जिथे तिचं माहेर नाही की नातलग नाहीत. कस्तुरबांनी त्यांना त्यांच्या वागण्याची लाज दाखवून दिली, तेव्हा ते भानावर आले.

हा प्रसंग जातीच्या संदर्भात नेहमी सांगितला जातो आणि तो आहेच तसा. भांडं उचलण्यातला कस्तुरबांचा संकोच हा त्या काळच्या जातीच्या संस्कारातून आलेला होता आणि त्या बाबतीत नियम बरोबर होता. पण मला त्यात आमच्या घरातलं भांडणही दिसलं. तत्त्व एकाचं आणि राबणारे हात दुसऱ्याचे. घर साधं करायचं, काटकसरीचं करायचं हे पुरुष ठरवतो आणि त्या साधेपणाची रोजची मेहनत बाईच्या अंगावर पडते. हे गांधीजींच्या घरात झालं, मग आमच्या घरात का होणार नाही?

१९०४ मध्ये त्यांनी आगगाडीच्या प्रवासात रस्किनचं अन्टू धिस लास्ट वाचलं आणि त्याच वर्षी डर्बनपासून चौदा मैलांवर फिनिक्सला शंभर एकर जमीन हजार पौंडांना घेतली. इंडियन ओपिनियन या साप्ताहिकाचा छापखाना तिथे हलवला. प्रत्येकानं तीन एकराचा तुकडा घ्यायचा, त्यात घर आणि शेती करायची. आता इथे सिव्हिलच्या मुलांनी लक्ष द्या. गांधीजींना तिथे मातीची गवतानं शाकारलेली किंवा विटांची छोटी घरं हवी होती. पण उभी राहिली ती सगळी पन्हाळी पत्र्याची! कारण मातीचं आणि विटांचं काम तिथे जास्त महाग पडत होतं, वेळ जास्त लागत होता आणि लोकांना लवकर राहायला जायचं होतं. म्हणजे माती स्वस्त आणि पत्रा महाग हे सगळीकडे खरं नसतं. जागा बदलली की उत्तर बदलतं. हे गांधीजींना १९०४ ला कळलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मेकॅनिकलवाल्यांसाठीही फिनिक्समध्ये एक गोष्ट आहे. छापखान्यासाठी तेलावर चालणारं इंजिन आणलं होतं. गांधीजींना वाटत होतं की शेतीच्या जागी हातानंच यंत्र चालावं. ते जमणार नाही म्हणून इंजिन ठेवलं, पण बंद पडलं तर सोय हवी म्हणून हातानं फिरवायचं एक चाकही बसवून घेतलं. पहिल्याच अंकाच्या रात्री इंजिन बंद पडलं. इंजिनिअर आणि वेस्ट या दोघांनी जंग जंग पछाडलं. मग चाक! ते फिरवायला एका वेळी चार माणसं लागायची. बांधकामाचे सुतार तिथेच झोपले होते, त्यांना उठवलं. आळीपाळीनं रात्रभर चाक फिरवलं, आणि सकाळी इंजिन आपलं आपण सुरू झालं! व्हायवाच्या दिवशी न चालणारं आणि दुसऱ्या दिवशी चालणारं मॉडेल ज्यांनी पाहिलंय त्यांना यात काही नवल वाटणार नाही. अंक वेळेवर निघाला. पुढे काही दिवस त्यांनी मुद्दाम इंजिन बंद ठेवून हातावर काम केलं.

१९१० मध्ये हर्मन कॅलनबाख नावाच्या मित्रानं जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींना फुकट वापरायला दिली. तेच टॉल्स्टॉय फार्म. कॅलनबाख स्वतः आर्किटेक्ट होता, त्यामुळे इथे मात्र पद्धतशीर काम झालं. नोकर ठेवायचे नाहीत हा नियम. झरा सुमारे पाचशे यार्डांवर, तिथून कावडीनं पाणी आणायचं. आता कावडीनं पाणी आणणारा माणूस ते कसं वापरेल? वापरलेलं पाणी झाडांना जायचं. उष्टं आणि भाजीचे देठ यांचं खत. मैला उथळ खड्ड्यात टाकून वर लगेच माती, त्यामुळे ना वास, ना माशा. आपल्या भाषेत ग्रे वॉटर रियूज, वेट वेस्ट कंपोस्टिंग आणि ड्राय सॅनिटेशन. शहरात जायचं तर खासगी कामाला पायी जायचं, एकवीस मैल.

भारतात परतल्यावर १९१५ ला अहमदाबादजवळ कोचरब आणि १९१७ ला साबरमती. तिथला इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मी सरळ पुण्याला येतो, कारण गांधीजींच्या आयुष्यातली बरीच वर्षं पुण्यात गेली आणि तीही सरकारी खर्चानं!

१९२२ पासून ते येरवडा तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्सचा त्रास झाला आणि ससून हॉस्पिटलमध्ये कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. ऑपरेशन चालू असताना वादळी पावसात वीज गेली. टॉर्च लावली, तीही बंद पडली. शेवटी कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पूर्ण झालं. आपली लाइट गेली की आपण हॉस्टेलच्या गॅलरीत येऊन ओरडतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

येरवड्यातच पुढे १९३० नंतर त्यांनी चरख्यावर काम केलं. उभा मोठा चरखा घेऊन हिंडता येत नाही, म्हणून एक मोठं आणि एक लहान अशी दोन चाकं आडवी बसवलेला, घडी घालून पेटीत मावणारा चरखा तयार झाला. त्याला येरवडा चक्र म्हणतात. त्याच्याआधी १९२९ मध्ये चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचा. यंत्र घरात हातानं किंवा पायानं चालावं, आठ तास काम करून माणूस थकून जाऊ नये, किंमत दीडशे रुपयांच्या आत, भारतात बनलेलं असावं, वीस वर्षं टिकावं, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाऊ नये. एक लाख म्हणजे त्या काळात केवढे! तरी ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण मला त्यातली एक अट महत्त्वाची वाटते, चालवणारा थकता कामा नये. मोटरच्या नेमप्लेटवर व्होल्टेज, वॅट, आरपीएम सगळं असतं. माणसाचा थकवा कुठे लिहिलेला असतो? डर्बनच्या घरापासून इथपर्यंत येताना त्यांच्या हिशेबात हा कॉलम वाढला होता.

आता आमच्या वर्ध्याकडे. १९३४ ला जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले. जमनालालजींनी आपली बाग आणि बंगला ग्रामोद्योग संघाला दिला, तेच मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा तिथे संघाचं काम बघत. विदेशी रॉकेल जाळण्यापेक्षा गावात मिळणाऱ्या अखाद्य तेलावर चालेल असा मगन दीप आणि स्वयंपाकघरात धूर कमी करणारी मगन चूल ही मगनवाडीचीच देणगी.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. साधारण सहाशे वस्तीचं गाव, रस्ता धड नाही, मलेरिया भरपूर. त्याच वर्षी त्यांना स्वतःलाही मलेरिया झाला. एका इंग्रज ॲडमिरलची मुलगी मीराबेन आधीच तिकडे गेली होती, बांधकाम तिनंच बघितलं. अट अशी होती की साहित्य तिथलंच आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. पुढे शेगावच्या नावाशी घोळ होऊन टपाल चुकायला लागलं म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं.

आज जी बापू कुटी आपण बघतो ती आधी मीराबेनची झोपडी होती. शाळेच्या सहलीला मी तिथे गेलो होतो, तेव्हा साप पकडायचा चिमटा सोडून काही लक्षात राहिलं नाही. गेल्या मे महिन्यात भर दुपारी पुन्हा गेलो, या वेळी सिव्हिलचा विद्यार्थी म्हणून. वर्ध्याचा मे म्हणजे ४५ अंश ही नेहमीची गोष्ट. आत पंखा नाही, कूलर नाही, तरी बसवत होतं.

ते का? मातीच्या भिंती, लाकूड आणि बांबू, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन, बाजूनं ओसरी आणि छपराच्या पागोळ्या इतक्या खाली आणलेल्या की ऊन भिंतीला लागतच नाही. घरात आलेली उष्णता बाहेर काढायला वीज लागते, पण ती आत येऊच दिली नाही तर वीज कशाला? कवेलू बारीक असल्यामुळे दिवसा तापतो, पण दिवस मावळल्यावर लगेच थंडही होतो आणि त्याच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. जाड मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला बारा तासांच्या आसपास लागतात, तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघड्या असतात.

आता स्लॅब घ्या. दहा बाय बाराच्या खोलीचं छत म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट ऊन पडतं. म्हणजे खोलीच्या डोक्यावर जवळपास दहा किलोवॅट! आपल्या हॉस्टेलमध्ये चोरून वापरली जाणारी पाणी तापवायची कॉइल एक हजार वॅटची असते. तशा दहा कॉइल दुपारभर छतावर चालू आहेत असं समजा. करड्या काँक्रीटमध्ये त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता शिरते, चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून ती तीन-चार तासांत खाली येते, आणि बरोबर आपण जेवून झोपायला जातो तेव्हा छत भाजायला लागतं. मग कूलर, मग एसी, मग बिल. शिवाय एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो वेगळाच.

पण सेवाग्राममध्येच बा कुटीही आहे, आणि माझं खरं उत्तर तिथे होतं. सुरुवातीला आदि निवासात सगळे एकत्र राहत. गांधीजींना भेटायला देशभरातून माणसं येत. त्या गर्दीत, पुरुषांच्या वावरात कस्तुरबांची फार कुचंबणा होत असे. एका छपराखाली जास्तीत जास्त माणसं, म्हणजे कागदावर भलतंच एफिशियंट! पण म्हातारपणी एका बाईला आडोसा नाही. हे ओळखलं जमनालालजींनी, आणि कस्तुरबांसाठी वेगळी कुटी बांधून घेतली. आजही ती बापू कुटीजवळ उभी आहे. मातीचीच आहे, छोटीच आहे, पण तिच्यासाठी आहे. आणि गांधीजींच्या कुटीतही न्हाणीघर आणि शौचकूप घराला जोडूनच आहे. साधेपणा म्हणजे गैरसोय सोसत राहायचं असं तिथे दिसत नाही. व्हाइसरॉयशी बोलणं व्हावं म्हणून बसवलेला टेलिफोनसुद्धा आहे. जे लागतं ते आहे, जे लागत नाही ते नाही.

त्यानंतरचं त्यांचं घर आपल्या पुण्यात, नगर रस्त्यावर आगाखान पॅलेसमध्ये. १८९२ मध्ये सुलतान महंमद शहा, तिसरे आगाखान यांनी दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधून घेतला. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक करून गांधीजींना इथे आणलं. कमानी, हिरवळ, उंच छतं, इमारतीभोवती रुंद व्हरांडे. मी दोन्ही वास्तू पाहिल्या आणि गंमत वाटली. कुटी आणि पॅलेस यांत किमतीचा फरक किती, पण थंड राहायची युक्ती एकच. भिंतीला ऊन लागू द्यायचं नाही, हवा खेळती ठेवायची. उन्हाला गरीब-श्रीमंत कळत नाही.

पण गांधीजींना तिथे चैन पडत नव्हती. काटेरी तारांच्या आतला पॅलेस होता तो. १५ ऑगस्ट १९४२ ला, आल्यावर आठवड्याभरातच, महादेवभाई देसाई तिथे गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. बासष्ट वर्षांचा संसार. ज्या बाईनं त्यांच्या प्रत्येक घराचा प्रयोग स्वतःच्या हातांनी चालवला, ती पॅलेसमधल्या कैदेत गेली. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. कस्तुरबा गेल्यावर थोड्याच दिवसांत गांधीजींनी सरकारला पत्र लिहिलं. एवढी मोठी जागा आणि एवढा पहारा आमच्यासाठी ठेवणं म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे, आम्हाला साध्या तुरुंगात हलवा, असा त्याचा आशय. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, घरात दोन मृत्यू झालेले, स्वतः आजारी पडत असलेला, आणि तो हिशेब मांडतोय! लंडनमधली ती वही तेव्हाही बंद झाली नव्हती. ६ मे १९४४ ला त्यांची सुटका झाली.

नंतर त्यांना फार दिवस घर लाभलं नाही. दिल्लीत वाल्मीकी वस्तीत राहिले, फाळणीच्या दंगलीत नोआखालीत गावोगाव पायी हिंडले, आणि ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसच्या बागेत त्यांचा खून झाला.

त्यांचं घरांचं काम मात्र तिथे संपलं नाही. लॉरी बेकर नावाचा एक तरुण इंग्रज आर्किटेक्ट चीनमधून परतताना बोटीची वाट बघत मुंबईत थांबला होता, तेव्हा त्याची गांधीजींशी भेट झाली. घर शक्यतो पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हा विचार त्यानं तिथून उचलला. पुढे तो भारतातच राहिला आणि केरळमध्ये कमी सिमेंटची, जाळीच्या विटांच्या भिंतींची शेकडो घरं बांधून २००७ मध्ये तिथेच वारला. सिव्हिलच्या मुलांनी त्याची घरं जरूर बघावीत.

आता आमच्या घराचं काय ते सांगतो, कारण भांडण अजून मिटायचं आहे!

गांधीजींचं आयुष्य घराघरातून वाचल्यावर मी आईला थर्मल मास शिकवणं बंद केलं. त्याऐवजी वही घेतली आणि एक जुनं काम केलं. घर चालवायला काय काय लागतं ते लिहिलं. वीज किती, पाणी किती, आणि तिसरा कॉलम, कोणाचे किती तास. वीज आणि पाणी बाबांनी सांगितलं. तिसरा कॉलम आई आणि आजीनं भरला. सारवणं, भिंती पोतारणं, पावसाळ्याआधी कवेलू फेरताना हाताखाली उभं राहणं, गळतीखाली भांडी लावणं, वाळवी झाडणं. कॉलम भरत गेला तसे बाबाही गप्प झाले आणि मीही. मातीचं घर आम्हाला वीजबिलात स्वस्त वाटत होतं, कारण त्यातली अर्धी एनर्जी मीटरवर येतच नव्हती.

त्या वहीवरून नवीन प्लॅन निघाला. मधल्या दोन खोल्यांच्या जाड मातीच्या भिंती आणि कवेलू राहणार, उन्हाळ्यात झोपायला तिथे. जमीन मात्र सारवणाची नाही, फरशीची. स्वयंपाकघर नवीन, उंच, मोठ्या खिडकीचं, गॅसच्या वर धूर जायला जागा ठेवलेलं. न्हाणीघर आणि संडास घराला जोडून, म्हणजे आजीला रात्री सांदवाडीत जायला नको. पुढच्या दोन खोल्या बाबांच्या हट्टाप्रमाणे स्लॅबच्या, पण वर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी आणि पश्चिमेला रुंद ओसरी. छताचं पाणी पन्हाळीतून विहिरीकडे. सोलर हीटर पुढच्या वर्षी, कापसाचा भाव बरा मिळाला तर. कोणाला हवं ते सगळं मिळालेलं नाही, पण आजीनं प्लॅन उलटा धरून का होईना, दहा मिनिटं पाहिला आणि परत दिला. आमच्याकडे याचा अर्थ मंजूर असा होतो.

तुमच्या घरी किंवा सोसायटीत असं काही चाललं असेल तर एलईडी आणि फाइव्ह स्टारची लिस्ट काढण्याआधी हा तिसरा कॉलम भरून बघा. सुरुवातीला सगळे हसतील, मग वही मागतील.

एक प्रश्न मात्र गांधीजींच्या चरित्रात कुठेच सुटलेला सापडला नाही. कवेलूवर नाचणाऱ्या माकडांचं काय करायचं? काम दिवाळीनंतर सुरू होणार आहे. तोपर्यंत कोणाकडे उपाय असेल तर मेसमध्ये गाठा, चहा माझ्याकडून.